आरोग्यसेवेच्या नियोजनात पुढचा बदल कसा हेरायचा? नव्याने आलेल्यांसाठी

नियोजनाच्या कामात नव्याने आलेल्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात बहुधा एक एक्सेलची फाइल येते. ओपीडी, भरती, शस्त्रक्रिया, बाळंतपणं अशा रांगा, गेल्या पाच-सात वर्षांचे आकडे आणि त्यापुढे पंधरा वर्षांचे अंदाज, दर वर्षी तेवढीच टक्केवारी लावून ओढत नेलेले. पुढच्या वर्षीची औषधखरेदी ठरवायला ही फाइल चांगली आहे. पंधरा वर्षांनी वापरात असणारी इमारत तिच्या भरवशावर बांधू नये, कारण तिने एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते, की उपचार आज जसे होतात तसेच होत राहणार.

अचूक भाकीत कोणालाच जमत नाही, आणि तसा आव आणणाऱ्या सल्लागारांपासून जरा जपूनच राहावं. जमण्यासारखं काम वेगळं आहे. कोणता निर्णय किती वर्षं आपल्या गळ्यात राहणार हे ओळखायचं, आणि तो जितका लांब राहणार तितकी त्यात बदलाला जागा ठेवायची.

पायरी १: आधी निर्णय लिहा

बरेच जण सुरुवात ‘भविष्यातले कल’ शोधण्यापासून करतात. दोन महिन्यांनी हातात साठ पानांचा अहवाल असतो आणि त्याचं करायचं काय हे कोणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा एका कागदावर येत्या दोन वर्षांत तुमच्या संस्थेला घ्यावे लागणारे निर्णय लिहा. नवी वॉर्ड इमारत, एमआरआय यंत्र, डायलिसिसची केंद्रं, भूलतज्ज्ञांच्या प्रशिक्षणाच्या जागा, परिचारिकांची भरती, रुग्णवाहिकांचा करार, जे काही असेल ते.

प्रत्येकासमोर दोन आकडे लिहा. तो अंमलात यायला किती वर्षं लागतील, आणि त्यानंतर किती वर्षं टिकेल. इमारत उभी राहायला पाचेक वर्षं जातात आणि मग ती चाळीस-पन्नास वर्षं हलत नाही. बारावी झालेला विद्यार्थी विशेषज्ञ होऊन बाहेर पडायला दहा वर्षांहून जास्त काळ लागतो आणि नंतर तो तीसेक वर्षं काम करतो. मोठं यंत्र दहा वर्षांच्या आसपास चालतं. ड्युटीचं वेळापत्रक पुढच्या महिन्यात बदलता येतं.

एवढ्यावरच अर्धं काम हलकं होतं. वेळापत्रकासाठी भविष्याचा विचार करत बसायची गरज नाही. ज्या निर्णयांची बेरीज वीस वर्षांच्या पुढे जाते, खालच्या पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत.

पायरी २: मागची वीस-तीस वर्षं उलटी वाचा

पुढचं वाचण्याआधी आपल्याच क्षेत्रात मागे काय काय उलटलं ते बघा. कंटाळवाणं वाटेल, पण नवख्या माणसाची नजर तयार व्हायला याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही.

क्षयरोगाचं उदाहरण घ्या. एकेकाळी उपचार म्हणजे सॅनिटोरियम. शुद्ध हवा, विश्रांती, सकस आहार, महिनोन् महिने मुक्काम. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनायझिड आलं. तरी सॅनिटोरियम लगेच रिकामी झाली नाहीत, कारण रुग्णाला घरी ठेवून गोळ्या देणं सुरक्षित आहे का, घरच्यांना लागण होईल का, हा प्रश्न उरलाच होता. १९५० च्या दशकात मद्रासला झालेल्या अभ्यासाने त्याचं उत्तर दिलं. घरी उपचार घेतलेले रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले, आणि घरच्यांचा धोकाही त्यामुळे वाढला नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आता कल्पना करा, १९५० मध्ये कोणी प्रतीक्षायादी बघून नव्या सॅनिटोरियमचा आराखडा मंजूर केला असेल. त्याचे आकडे चोख होते. इमारत रंगवून तयार होईपर्यंत तिची गरज ओसरायला लागली होती.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे औषध आणि सेवेतला बदल यांच्यात गेलेली वर्षं. शोध लागल्याची बातमी आणि वॉर्ड रिकामा होणं यांच्यामध्ये पुरावा, सवय, पैसा, प्रशिक्षण एवढं सगळं असतं. नियोजन करणाऱ्याला ही मधली वर्षंच उपयोगी पडतात, कारण ती फुकट मिळालेली चेतावणी असते.

पोटातल्या अल्सरचंही असंच झालं. शस्त्रक्रिया हा नेहमीचा उपाय होता. १९७० च्या दशकात आम्ल कमी करणारं सिमेटिडिन आलं. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि पुढे अल्सरवर अँटिबायोटिकचा कोर्स आला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तोपर्यंत ठरवून केल्या जाणाऱ्या अल्सरच्या शस्त्रक्रिया जवळजवळ इतिहासजमा झाल्या होत्या.

पण सगळे बदल मागणी कमी करणारे नसतात, आणि नवख्यांचा पाय इथे हमखास घसरतो. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. मुक्काम आठवड्यावरून एक-दोन दिवसांवर आला. खाटा वाचल्या असं वाटेल, पण त्रास कमी झाल्यावर आधी शस्त्रक्रिया टाळणारे रुग्णही पुढे आले आणि अनेक ठिकाणी शस्त्रक्रियांची एकूण संख्या वाढली. उपचार सोपा झाला की त्याची मागणी वाढू शकते, हे कुठल्याही हिशेबात आधी धरून चाला.

आपल्या संस्थेसाठी हे करायचं तर तीन सेवा निवडा. वीस वर्षांपूर्वी सरासरी मुक्काम किती होता, कोण उपचार करत होतं, कुठे होत होते, आणि आज काय आहे. जुन्या नोंदी सापडत नसतील तर निवृत्तीला आलेल्या सिस्टरांना विचारा. मोतीबिंदूच्या रुग्णाला किती दिवस हलू न देता ठेवत, हे त्या चहाचा कप संपायच्या आत सांगतील.

पायरी ३: लोकसंख्या वयोगट पाडून मोजा

पुढच्या वीस वर्षांबद्दल सर्वांत भरवशाची गोष्ट कोणती असेल तर वय. २०४५ मध्ये सत्तरीत असणारी माणसं आज पन्नाशीत आहेत, म्हणजे ती आधीच जन्माला आलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांचे लोकसंख्येचे अंदाज साधारण दर दोन वर्षांनी सुधारून निघतात आणि ते कोणालाही पाहता येतात. स्थानिक पातळीवर स्थलांतर मोठं असेल तर तेवढं वेगळं धरा.

नुसती एकूण संख्या घेतली तर काय हुकतं, ते एका बनवलेल्या उदाहरणात बघू. एका भागाची लोकसंख्या १ लाख आहे आणि पंधरा वर्षांनीही १ लाखच राहणार आहे. फरक एवढाच की ६५ च्या वरचे ८ हजारांवरून १२ हजार होतील. समजा, ६५ च्या आतल्या दर हजारी ८० जण वर्षात भरती होतात आणि सरासरी ३ दिवस राहतात. ६५ वरच्यांत दर हजारी ३०० भरती होतात आणि ७ दिवस राहतात.

आज (एक खाट एक दिवस भरलेली, म्हणजे एक खाट-दिवस): ९२ हजारांमधून ७,३६० भरती, २२,०८० खाट-दिवस. ८ हजारांमधून २,४०० भरती, १६,८०० खाट-दिवस. एकूण ९,७६० भरती आणि ३८,८८० खाट-दिवस.

पंधरा वर्षांनी: ८८ हजारांमधून ७,०४० भरती, २१,१२० खाट-दिवस. १२ हजारांमधून ३,६०० भरती, २५,२०० खाट-दिवस. एकूण १०,६४० भरती आणि ४६,३२० खाट-दिवस.

लोकसंख्येत शून्य वाढ, भरतीत ९ टक्के आणि खाट-दिवसांत १९ टक्के. ‘लोकसंख्या स्थिर आहे, जादा काही लागणार नाही’ असं बैठकीत कोणी म्हणालं तर हा तक्ता समोर ठेवा.

मात्र यातही एक गृहीत लपलेलं आहे. आजचा सत्तर वर्षांचा माणूस जितका आजारी असतो तितकाच उद्याचाही असेल, असं आपण धरलं. १९८० मध्ये जेम्स फ्राइज यांनी मांडलं होतं की आयुष्य वाढेल तसा आजारपणाचा काळ शेवटच्या थोड्या वर्षांत दाबला जाऊ शकतो. पुढे आरोग्य अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की खर्चाचा मोठा भाग वयापेक्षा मृत्यूच्या जवळिकीशी बांधलेला असतो. उलट बाजूने, मधुमेह, किडनीचे विकार, स्मृतिभ्रंश यांसह लोक जास्त वर्षं जगतात, आणि ती वर्षं रुग्णालयाबाहेरची सेवा खातात. म्हणून दर हजारी ३०० हा आकडा एकच ठेवू नका. २६०, ३०० आणि ३३० असे तीन ठेवून गणित फिरवा आणि उत्तर किती हलतं ते बघा.

पायरी ४: खाटांचा आकडा शेवटी काढा

खाट-दिवसांना ३६५ ने भागलं की रोज सरासरी किती खाटा भरलेल्या असतील ते कळतं. वरच्या उदाहरणात आज १०७, पुढे १२७. पण सरासरीइतक्याच खाटा ठेवल्या तर वर्षातले जवळपास अर्धे दिवस रुग्ण कॉरिडॉरमध्ये दिसतील. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासाने संगणकावर नमुना चालवून दाखवलं की तातडीच्या भरतीच्या खाटा ८५ टक्क्यांहून जास्त भरलेल्या राहिल्या की खाट न मिळण्याचा धोका दिसू लागतो, आणि ९० च्या पुढे वरचेवर तारांबळ उडते. ८५ टक्क्यांनी हिशेब केला तर आज १२६ आणि पुढे १५० खाटा लागतील.

हा ८५ चा आकडा पुढे सगळीकडे मंत्रासारखा म्हटला जाऊ लागला. तसं करू नका. एखाद्या विभागात सरासरी १०० रुग्ण असतात तिथे मागणी सहज १०-१० ने वरखाली होते, म्हणजे दहा टक्के. नवजात अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणी सरासरी ९ असेल तर ती ३ ने हलते, म्हणजे तब्बल तेहतीस टक्के. लहान विभागाला त्याच्या आकाराच्या मानाने बऱ्याच जास्त खाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात. ‘एवढ्या रिकाम्या कशाला?’ असं लेखा विभाग विचारणारच. उत्तर तयार ठेवा.

आता त्याच उदाहरणात एकच गोष्ट बदला. ६५ वरच्यांचा सरासरी मुक्काम ७ वरून साडेपाच दिवसांवर आणता आला तर खाट-दिवस ४०,९२० होतात आणि लागणाऱ्या खाटा १३२. म्हणजे दीड दिवसाने १८ खाटा वाचल्या. तो दीड दिवस बहुतेकदा औषधामुळे जात नसतो. घरी काळजी घ्यायला कोणी नाही, फिजिओथेरपिस्ट सोमवारीच येतो, तपासणीचा रिपोर्ट अडकलाय, अशा कारणांत जातो. म्हणून खाटांची मागणी आली की आधी विचारावं, या १८ खाटा बांधणं स्वस्त की घरपोच सेवेची एक टीम उभी करणं?

आणि अमेरिकन संशोधक मिल्टन रोमर यांनी १९५९ च्या सुमारास केलेलं निरीक्षण विसरू नका. पैसे भरणारा विमा असेल तिथे खाट तयार झाली की ती भरते. नव्या खाटा भरल्या म्हणजे त्यांची गरज होतीच, असा निष्कर्ष काढू नका.

पायरी ५: येऊ घातलेलं नवं चाळून घ्या

नवी औषधं, लसी, यंत्रं, सॉफ्टवेअर यांच्या बातम्या रोज येतात. त्या सगळ्या वाचत बसायचं नाही. चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यात आलेल्या किंवा परवानगी मिळालेल्या गोष्टींचीच यादी ठेवा आणि प्रत्येकीला चार प्रश्न विचारा. कोणता उपचार यामुळे बंद होईल? कोणते नवे रुग्ण यामुळे दाराशी येतील? उपचाराची जागा बदलेल का? आणि परिणाम दिसायला किती वर्षं लागतील?

चौथा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावर सोफोसबुविर हे औषध २०१३ च्या अखेरीस मंजूर झालं आणि त्यासारख्या गोळ्यांच्या साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या कोर्सने बहुतेक रुग्ण बरे होऊ लागले. यकृताच्या दवाखान्यांवर परिणाम थोड्याच वर्षांत दिसला. एचपीव्ही या विषाणूवरच्या लसीचं उलट आहे. ती २००६ पासून मिळते, लहान मुलींना दिली जाते, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो पुढे कित्येक वर्षांनी. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी आढळला, असा अभ्यास २०२१ मध्ये आला. कौतुकाचीच गोष्ट, पण लस न घेतलेल्या मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी तपासणी आणि उपचार केंद्रं अजून काही दशकं लागणार. ‘लस आली, आता केंद्र बंद करू’ हे गणित तीस वर्षं आधी मांडलेलं ठरतं.

तिसऱ्या प्रश्नाचं ठळक उदाहरण म्हणजे पक्षाघात. मेंदूतली गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा फायदा २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या चाचण्यांनी सिद्ध केला. हे काम चोवीस तास करू शकणारी टीम प्रत्येक रुग्णालयात ठेवता येत नाही, त्यामुळे रुग्ण मोठ्या केंद्रांकडे वळवावे लागले आणि रुग्णवाहिकांचे मार्ग बदलावे लागले. एक उपचार बदलला आणि वाहतुकीचं नियोजन मोडलं.

पायरी ६: माणसांचा हिशेब वेगळा करा

संगणकतज्ज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्टचं (स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं) प्रशिक्षण आताच थांबवावं, पाच वर्षांत यंत्रं त्यांच्याहून चांगलं काम करतील. हिंटन हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातले दिग्गज, पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. यंत्रं सुधारली हे खरंच, पण स्कॅनची संख्याही वाढत गेली आणि रेडिओलॉजिस्टची टंचाई अनेक देशांत आजही आहे. कोणी त्यांचं ऐकून जागा कमी केल्या असत्या तर त्याचा फटका आत्ता, या वर्षांत बसला असता, आणि दुरुस्त करायला आणखी दहा वर्षं लागली असती. प्रशिक्षणाची जागा बंद करणं हा इमारत पाडण्याइतकाच न परतणारा निर्णय आहे, म्हणून त्याला पुराव्याची पट्टी जास्त कडक लावायची.

करायचं काम साधं आहे. कर्मचाऱ्यांचा वयानुसार आलेख काढा. पंचावन्नच्या पुढे किती, ते कुठल्या विभागात एकवटलेत, अर्धवेळ काम किती जण मागताहेत. एखाद्या विभागाचे तीनपैकी दोन भूलतज्ज्ञ चार वर्षांत निवृत्त होणार असतील तर तिथे तंत्रज्ञानाच्या चर्चेआधी ती जागा भरायची चर्चा हवी.

पायरी ७: एकाऐवजी तीन चित्रं काढा

आता हे सगळं एकत्र करून तीन वेगवेगळी चित्रं रंगवा. ‘चांगलं, मध्यम, वाईट’ असं करू नका. तसं केलं की सगळे मधलं उचलतात आणि पुन्हा एकाच आकड्यावर येतो. चित्रं कारणांनी वेगळी असू द्या.

याचा चांगला नमुना म्हणजे ब्रिटिश सरकारसाठी डेरेक वॉनलेस यांनी २००२ मध्ये केलेला अहवाल. वॉनलेस मूळचे बँकेतले. वीस वर्षांनी आरोग्यसेवेला किती पैसा लागेल हे काढताना त्यांनी तीन चित्रं मांडली. लोक स्वतःच्या तब्येतीची कितपत काळजी घेतात आणि सेवा नवं तंत्र किती लवकर उचलते, यांवर ती बेतलेली होती. सर्वांत महागड्या आणि सर्वांत स्वस्त चित्रात २०२२-२३ साली वर्षाला सुमारे ३० अब्ज पौंडांचा फरक येत होता. अशा फरकामुळे आजार टाळण्यावर खर्च करावा का, हा वाद भावनेवरून पैशावर येतो.

तुमच्या चित्रांत साथ, उष्णतेची लाट, वीज किंवा ऑक्सिजन खंडित होणं यांसारखा एक अचानक धक्का जरूर घाला. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्म्याने हजारो माणसं, मुख्यतः वृद्ध, दगावली. २०२० नंतर त्याचं महत्त्व समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

पायरी ८: निर्णय तपासा आणि खुणा बांधा

पहिल्या पायरीतली यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक निर्णय तिन्ही चित्रांतून चालवून बघा. तिन्हीत उपयोगी ठरतो तो बिनदिक्कत घ्या. घरपोच सेवेची टीम, नोंदींची एकसारखी पद्धत, डे-केअर (उपचार करून त्याच दिवशी घरी पाठवणं) वाढवणं हे सहसा यात येतात. एकाच चित्रात उपयोगी असलेला मोठा निर्णय तुकड्यांत मोडता येतो का पाहा. १५० खाटांची इमारत बांधायची तर १३२ खाटा आता आणि बाकीच्या मजल्याचा फक्त सांगाडा, असं होऊ शकतं. सगळ्या खोल्या एकाच मापाच्या, भिंतीत ऑक्सिजनची लाइन आधीच टाकलेली आणि आतल्या भिंती काढता येण्याजोग्या असतील तर आजचा वॉर्ड उद्या डायलिसिस युनिट किंवा आयसीयू होऊ शकतो. बांधताना थोडा जास्त खर्च येतो. नंतर चालू रुग्णालयात भिंती फोडण्याच्या मानाने तो किरकोळ असतो.

लांबणीवर टाकलेल्या प्रत्येक निर्णयाला एक खूण बांधा. खूण मोजता येण्यासारखी हवी आणि तिच्यापुढे कृती लिहिलेली हवी. वरच्या उदाहरणासाठी अशी: ‘६५ वरच्यांचा सरासरी मुक्काम सलग चार तिमाही ६ दिवसांच्या वर राहिला तर सांगाड्याचा मजला पूर्ण करण्याचा प्रस्ताव मांडायचा.’ किंवा, ‘सलग दोन वर्षं डायलिसिसचे नवे रुग्ण अंदाजापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त आले तर तिसरी शिफ्ट सुरू करायची.’ पाच-सहा खुणा पुरे. वीस ठेवल्या की कोणी बघत नाही.

खुणांचं पत्रक एका पानाचं ठेवा. त्यावर आकडा कुठल्या रजिस्टरमधून किंवा सॉफ्टवेअरमधून येणार, तिमाहीला तो कोण भरणार आणि कोणासमोर मांडणार हे लिहा. गृहीतकंही मागच्या बाजूला लिहून ठेवा, दर हजारी ३०० कुठून आणले ते सुद्धा. आणि जबाबदारीच्या रकान्यात माणसाचं नाव न लिहिता पदाचं नाव लिहा, कारण पहिली खूण पेटेपर्यंत त्या माणसाची बदली झालेली असण्याची शक्यता बरीच आहे.